भेटीचा अर्ज

नातवंडांना 'दुधावरची साय' म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. मुद्दलापेक्षा व्याजाची गोडी अधिक, असेही त्यांच्याविषयी म्हटले जाते, आणि हीच कल्पना हिंदीत 'मूल से सूद प्यारा' या शब्दांत रूढ आहे. दोन्ही उपमा घरगुती आहेत. एक चुलीजवळची, दुसरी जमाखर्चाच्या वहीतली. दोन्हींत एक गृहीत समान आहे. साय दुधावर आपोआप धरते आणि व्याज मुद्दलावर आपोआप चढते. त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्या संबंधाकडे भारतीय समाजाने शतकानुशतके याच दृष्टीने पाहिले. हा संबंध मागून मिळवावयाचा नसतो, तो घडत असतो, ही समजूत फार पक्की होती. तो तुटू शकेल आणि तुटलेला जोडून द्या, असे म्हणत एखादे वृद्ध जोडपे कुटुंब न्यायालयाच्या बाकावर येऊन बसेल, ही शक्यता म्हणींना सुचली नाही आणि कायद्यालाही सुचली नाही.

या समजुतीची खूण भाषेतही सापडते. आईच्या आईवडिलांच्या घराला मराठीत 'आजोळ' हा स्वतंत्र शब्द आहे. बंगालीत त्याच घराला मामाचे घर, 'मामार बाडी', म्हणतात. वडिलांच्या आईवडिलांच्या घराला मात्र मराठीत असे नाव नाही. त्याला वेगळे नाव देण्याचे प्रयोजनच नव्हते. मूल तेथेच वाढे आणि त्याला नुसते 'घर' म्हणे. हिंदीत 'ननिहाल'च्या जोडीला 'ददिहाल' आहे. मराठीला त्याची गरज भासली नाही. आज मुलगा व सून बंगळूरला, मुलाचे आईवडील इंदूरला आणि सुनेचे आईवडील नागपूरला, असे चित्र सर्रास दिसते. अशा कुटुंबातील मुलाला दोन्ही ठिकाणे सारखीच दूर असतात, आणि ज्या घराला भाषेत नाव नाही ते मनातून पुसले जाण्याचा धोका अधिक असतो.

अशा एका जोडप्याचे उदाहरण कल्पावे. इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत आयुष्य काढलेले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी. एकुलता मुलगा बंगळूरला नोकरीस होता. तो अपघातात गेला तेव्हा नातू पाच वर्षांचा होता. पहिले वर्षभर सून सुट्ट्यांत मुलाला घेऊन इंदूरला आली. दर रविवारी सकाळी दूरध्वनी होई. आजी गोष्ट सांगे, नातू मध्येच शाळेतले काही सांगे, आणि गोष्ट पुढच्या रविवारवर जाई. दोन वर्षांनी सुनेने पुनर्विवाह केला. सासूसासऱ्यांनी त्याला विरोध केला नाही. लग्नाला मात्र ते गेले नाहीत. पुढे शाळेच्या नोंदीत मुलाचे आडनाव कोणते असावे, यावरून दूरध्वनीवर बोलणे झाले आणि ते चढ्या आवाजात संपले. त्यानंतर रविवारी कधी मूल झोपलेले असे, कधी त्याची परीक्षा असे, आणि काही महिन्यांनी पलीकडून कोणी उचलेनासे झाले.

यांत दुष्ट कोणीच नाही. आजीच्या प्रत्येक संभाषणात मृत मुलाचा विषय निघे आणि नंतर नातू रात्रभर अस्वस्थ असे, ही सुनेची तक्रार खोटी नव्हती. नातवाच्या बोलण्यात आपल्याला आपलाच मुलगा ऐकू येतो आणि ते टाळता येत नाही, हे आजीचे म्हणणेही खोटे नव्हते. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये मूल उभे होते, आणि त्याच्याशी त्याविषयी कोणी बोलले नव्हते.

असे जोडपे वकिलाकडे जाते तेव्हा त्याला प्रथम कळते ते हे की आपल्या मागणीला कायद्यात स्वतःची जागा नाही. पतिपत्नींमध्ये दावा चालू असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मुलांविषयी आदेश मागता येतो. येथे पतीच हयात नसल्यामुळे तो मार्ग बंद असतो. उरतो तो १८९० चा पालक व पाल्य अधिनियम. इंग्रजी राजवटीत झालेल्या या कायद्याची रचना पालक कोण आणि मूल कोणाच्या ताब्यात, या दोन प्रश्नांभोवती आहे. महिन्यातून एक दुपार मागणाऱ्यासाठी त्यात वेगळे कलम नाही. साहजिकच ज्यांना केवळ भेट हवी असते त्यांनाही बहुधा पालकत्वाचा किंवा ताब्याचा अर्ज करावा लागतो, आणि भेटीची विनंती त्याच्या पोटात अंतरिम मागणी म्हणून घालावी लागते. जे नको आहे ते मोठ्याने मागावयाचे आणि जे हवे आहे ते हळूच, असा हा प्रकार होतो. आईच्या हाती नोटीस पडते ती मूल काढून घेण्याची. तिने घाबरून दार अधिक घट्ट लावून घेतले, तर त्यात नवल नाही. शिवाय कलम ९ प्रमाणे मूल सामान्यतः जेथे राहते तेथल्याच न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याने प्रत्येक तारखेला इंदूरहून बंगळूर गाठावे आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परतावे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

कायद्याला आजोबा ठाऊकच नाहीत, असे मात्र नाही. किंबहुना हे नाते त्याने अनेक खात्यांत काळजीपूर्वक नोंदवून ठेवले आहे. धर्मशास्त्राने पिंडदानाच्या संदर्भात पुत्र, पौत्र आणि प्रपौत्र अशा तीन पिढ्या मोजल्या. मिताक्षरेने वडिलोपार्जित मिळकतीत नातवाला जन्मतःच हक्क दिला. हनफी मुस्लिम विधीने लहान मुलाच्या संगोपनाचा, म्हणजे हिझानतचा, अधिकार आईनंतर आईच्या आईला व पुढे वडिलांच्या आईला दिला, आणि मुलाच्या मिळकतीच्या पालकांत पित्याकडच्या आजोबांनाही स्थान दिले. अगदी अलीकडे, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याने 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येत नातू आणि नात यांचा समावेश केला. आजी-आजोबांना स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर सज्ञान नातवाकडून चरितार्थाची रक्कम ते न्यायाधिकरणामार्फत मागू शकतात. म्हणजे पिंडासाठी नातू आहे, मिळकतीसाठी आहे, आणि तो अठरा वर्षांचा झाल्यावर आजोबांच्या अन्नासाठीही आहे. हिझानतचा अपवाद सोडला तर त्याआधीच्या अठरा वर्षांत त्याने आजोबांना ओळखावे कसे, याविषयी या खात्यांत काहीच नोंद नाही. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील मुलाला 'अज्ञान' म्हणतात. तो शब्द या ठिकाणी नको तितका खरा ठरतो.

आजी-आजोबांना कायद्याने अर्जाचा स्पष्ट अधिकार दिला होता, असा एक काळ इतिहासात आहे, आणि तो विसरून चालणार नाही. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांतून १८५६ साली हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपत असे. तिसऱ्या कलमात अशी तरतूद होती की मृत पतीने मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमलेला नसला, तर त्याचे आईवडील, त्याच्या पित्याकडचे आजी-आजोबा अथवा त्याचा कोणीही पुरुष नातलग न्यायालयाकडे जाऊन मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची विनंती करू शकेल. विधवेला लग्नाची मोकळीक मिळाली, परंतु तिची किंमत मिळकत आणि मुले या दोन्ही रूपांत तिला मोजावी लागण्याची शक्यता त्याच कायद्याने निर्माण केली. हा कायदा १९८३ साली रद्द करण्यात आला. सव्वाशेहून अधिक वर्षे आजोबांचा अर्ज भारतीय विधिसंग्रहात होता. पण त्याची प्रेरणा नातवाविषयीच्या ओढीत नव्हती. घराबाहेर पडलेल्या सुनेबरोबर घराण्याचा वारस बाहेर जाऊ नये, ही ती प्रेरणा होती.

म्हणूनच आजची पुनर्विवाहित सून सासऱ्यांच्या नोटिशीने हादरते, तेव्हा त्या भीतीला एक इतिहास असतो. स्वतःच्या मुलाची नैसर्गिक पालक म्हणून ओळखले जाण्यासाठी आईलाही फार थांबावे लागले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पिता आणि 'त्याच्यानंतर' माता असा क्रम लावला. इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार गीता हरिहरन यांनी या क्रमाला आव्हान दिले, आणि १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'त्याच्यानंतर' म्हणजे केवळ पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीतही, असा अर्थ लावला. एका शब्दाचा अर्थ मोकळा होण्यास त्रेचाळीस वर्षे लागली. अशा आईच्या दारात हक्काची भाषा घेऊन उभे राहणाऱ्यांनी त्या भाषेत १८५६ चे तिसरे कलम तर बोलत नाही ना, हे आधी तपासले पाहिजे. 'आमच्या घराण्याचा दिवा', 'आमचे रक्त', 'आमचे नाव' हे शब्द नातवाचे वर्णन करीत नाहीत. ते मालकी सांगतात. मुले ही चीजवस्तू नव्हेत आणि आईबापांची खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात म्हटले होते. जे आईबापांना लागू, ते आजी-आजोबांना अधिकच लागू आहे. इंदूरच्या जोडप्याने आडनावाच्या वादात जे गमावले ते याच भाषेमुळे गमावले.

हा पेच भारतापुरता नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९३ साली असाच एक वाद सुरू झाला, आणि तो 'ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल' या नावाने तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन लहान मुलींचा पिता आत्महत्या करून गेला होता. मुलींच्या आईने त्याच्या आईवडिलांना भेट नाकारली नव्हती. महिन्यातून एकदा, थोडा वेळ, एवढी मर्यादा घातली होती. आजी-आजोबांना महिन्यातील दोन शनिवार-रविवार मुक्कामासह आणि उन्हाळ्यातील दोन आठवडे हवे होते. पहिल्या न्यायालयाने मधला मार्ग काढला: महिन्यातील एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यात एक आठवडा, आणि आजी व आजोबा यांच्या वाढदिवशी चार चार तास. आईने पुढे विवाह केला होता आणि तिच्या पतीने मुलींना दत्तक घेतले होते. ५ जून २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आईच्या बाजूने निकाल दिला. कोणाही व्यक्तीला केव्हाही भेटीचा अर्ज करू देणारा त्या राज्याचा कायदा फारच सैल आहे, आणि सुयोग्य आईच्या निर्णयाला न्यायाधीशाने काहीएक वजन दिलेच पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. त्या वेळी अमेरिकेतील पन्नासही राज्यांत आजी-आजोबांच्या भेटीविषयीचे कायदे होते. निकालाने ते सर्व मोडीत काढले नाहीत. मात्र आजोबांचे प्रेम हे आईच्या विवेकावर कुरघोडी करण्यास पुरेसे कारण नाही, हे त्याने स्पष्ट केले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधले. वाद आई आणि आजी-आजोबा यांच्यातला मानला जातो, पण ज्याचे नाते तुटते त्या मुलाचेही स्वतंत्र हित त्यात असते, असे त्यांचे म्हणणे होते.

फ्रान्सने हेच अंतर अधिक सावकाश तोडले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५७ सालीच आजी-आजोबांच्या भेटीला मान्यता दिली होती. १९७० च्या कायद्याने ती नागरी संहितेत आली. गंभीर कारण असल्याखेरीज आईवडिलांनी मुलाच्या आजी-आजोबांशी असलेल्या संबंधांत अडथळा आणू नये, असे तिचे रूप होते. २००२ साली हे वाक्य बदलण्यात आले आणि मुलाला आपल्या पूर्वजांशी वैयक्तिक संबंध राखण्याचा हक्क आहे, असे ते झाले. वरवर पाहता बदल व्याकरणाचा आहे: आईवडिलांवरच्या मनाईने सुरू होणारे वाक्य आता मुलापासून सुरू होते. परंतु न्यायालयात कोणते प्रश्न विचारले जातील हे अशा व्याकरणावरच ठरते. आजोबांना किती दुःख झाले, हा प्रश्न मागे पडतो. मुलाला काय हवे आहे आणि काय झेपेल, हा पुढे येतो.

भारतीय न्यायालयांनी कलमांच्या अभावी प्रकरणाप्रकरणाने मार्ग काढला आहे, आणि त्या मार्गाची दिशा एकसारखी नाही. २०२१ च्या साथीत अहमदाबादच्या एका मुलाचे आईवडील महिन्याच्या अंतराने गेले. गुजरात उच्च न्यायालयाने नोकरी करणाऱ्या मावशीला ताबा दिला. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पित्याच्या वृद्ध आईवडिलांना दिला. वय आणि उत्पन्न यांच्या हिशेबावर मायेचे माप ठरत नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. आपल्या समाजात वडिलांकडचे आजी-आजोबाच नातवाची अधिक चांगली काळजी घेतील, असेही निरीक्षण त्यात होते. आजोळच्या नात्याला कमी लेखणारे हे निरीक्षण सर्वांना पटेलच असे नाही. याउलट २०२५ च्या जानेवारीत मृत मुलाची आई नातवाच्या ताब्यासाठी त्याच न्यायालयात आली, तेव्हा मुलासाठी ती जवळजवळ परकी आहे, असे न्यायपीठाने सुनावणीत म्हटले, आणि मूल आईकडेच राहिले. कायद्याच्या दृष्टीने ते म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु आजी परकी कशी झाली, हा प्रश्न त्यातून उरतोच. भेट नसल्यामुळे ओळख नाही, आणि ओळख नसल्यामुळे हक्क नाही, या चक्राला कोठेतरी बाहेरून खंड पडावा लागतो.

तसा खंड सुचवला गेला होता. विधी आयोगाने २०१५ च्या मे महिन्यात पालकत्व व ताबा यांविषयीचा आपला २५७ वा अहवाल सादर केला. १८९० आणि १९५६ च्या कायद्यांत दुरुस्त्या सुचवताना, मुलाच्या आजी-आजोबांबरोबरच्या वेळेचा विचारही न्यायालयांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत असावा, असे आयोगाने म्हटले. भारतीय विधिविषयक लेखनात हा वेळ येथे प्रथमच मिळकतीपासून वेगळा करून पाहिलेला दिसतो. त्या शिफारशींना संसदेने कायद्याचे रूप दिलेले नाही. तोपर्यंत आजी-आजोबांच्या वाट्याला एखाद्या न्यायाधीशाचे सौजन्य आणि एखाद्या समुपदेशकाची चिकाटी एवढेच येते.

समजा, आदेश मिळाला. तर त्यातून हाती काय येते? महिन्यातील दुसरा शनिवार, दुपारी दोन ते चार, न्यायालयातील मुलांच्या खोलीत. भिंतीवर हत्ती आणि मोर काढलेले असतात, कोपऱ्यात चाके निखळलेल्या मोटारी असतात, शेजारच्या खुर्च्यांवर दुसरी कुटुंबे आपापले दोन तास मोजीत असतात. आजीने डब्यात लाडू आणलेले असतात. ते द्यावेत की नाही, असा प्रश्न तिला आयुष्यात प्रथमच पडतो. नातवाला मराठी समजते, पण उत्तर तो इंग्रजीत देतो. शिक्षक असलेल्या आजोबांना त्याचे उच्चार सुधारावेसे वाटतात आणि ते गप्प राहतात. आजी-आजोबांच्या प्रेमाचा विशेष म्हणजे त्याला वेळेचे बंधन नसे. अंगणात, ओसरीवर, दळण निवडताना, काही न करता शेजारी बसण्यात ते मुरत असे. न्यायालय तास देऊ शकते. ते मुरणे देऊ शकत नाही. तरीही तास नाकारला तर मुरण्याची शक्यताही संपते, एवढ्यासाठीच त्या तासाला मोल आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या तासाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी १९०७ साली बंगालच्या लोककथा संकलित केल्या तेव्हा संग्रहाला नाव दिले ते 'ठाकुरमार झुलि', आजीची पोतडी. आणि रवींद्रनाथांनी त्याला प्रस्तावना लिहिली. कथेची मालकी त्या नावाने आजीकडे दिली, संकलकाकडे नव्हे. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मध्ये आईबाप गमावलेला हमीद आणि त्याची दादी अमीना यांच्यामध्ये कोणताही कायदा उभा नाही. तिचे हात तव्यावर भाजतात, एवढे त्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणे हेच त्यांचे नाते आहे. हे ज्ञान रोज स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मुलालाच होऊ शकते. ज्या मुलाने आजीचे हात पाहिलेच नाहीत त्याला चिमटा आणावा हे सुचणार नाही, आणि तो त्याचा दोष असणार नाही. आजी-आजोबा तुटतात तेव्हा एक बोली, काही गोष्टी, मृत पित्याच्या बालपणाच्या आठवणी, घरातल्या एखाद्या पदार्थाची चव, हे सारे मुलापासून तुटते. पित्याविषयी आई सांगू शकेल ते पतीविषयीचे असेल; तो पाच वर्षांचा असताना कशाला भीत असे, हे इंदूरलाच ठाऊक आहे. मुलाचा हक्क म्हणावयाचा तो या माहितीवरचा आणि या मायेवरचा. आडनाव त्यात येत नाही.

या विषयावरचे सर्वांत सूक्ष्म चिंतन कदाचित भवभूतीने करून ठेवले आहे. विदर्भातील पद्मपूर हे ज्याच्या घराण्याचे गाव, त्या नाटककाराच्या 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात एक भेट घडते. पाहुणे आल्यामुळे बटूंना अनध्याय मिळाला आहे आणि ते खेळत आहेत. पाहुण्यांत कौसल्या आहे आणि जनकही आहे. वडिलांची आई आणि आईचे वडील. खेळणाऱ्या मुलांतला एक त्यांचे लक्ष वेधून घेतो. कौसल्या त्याला जवळ बोलावते, मांडीवर घेते. त्याच्या वर्णात आणि आवाजात तिला राम दिसतो, चेहऱ्यात सीता दिसते. तुला आई आहे का, वडील आठवतात का, असे ती विचारते. तो नाही म्हणतो. मग तू कोणाचा, या प्रश्नाला तो भगवान वाल्मीकींचा, असे उत्तर देतो. तेवढ्यात इतर मुले यज्ञाचा घोडा आल्याची वार्ता घेऊन येतात आणि लव त्यांच्यामागे निघून जातो. भेट संपते. ओळख पटवून देण्याची घाई नाटककाराने केलेली नाही, आणि कौसल्येनेही त्या उत्तरावर हक्क सांगितलेला नाही. मूल स्वतःला ज्याचे म्हणते त्याचेच ते त्या घटकेला असते, हे तिने ऐकून घेतले आहे.

कौसल्या त्या आश्रमात आली कशी, हे भवभूतीने आधीच, दुसऱ्या अंकात, सांगून ठेवले आहे. ऋष्यशृंगाच्या आश्रमातील बारा वर्षांचे सत्र संपल्यावर वडीलधारी मंडळी अयोध्येस परतावयाची होती. परंतु सून जेथे नाही त्या अयोध्येत आपण पाऊल टाकणार नाही, असे अरुंधतीने म्हटले, आणि रामाच्या मातांनी तिला पाठिंबा दिला. म्हणून ती सारी मंडळी वाल्मीकींच्या तपोवनात राहावयास आली. नातवाची भेट त्यांनी मागितली नव्हती. नातू आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी सुनेची बाजू घेतली होती, आणि त्या वाटेवर नातू भेटला.

आजी-आजोबांच्या भेटीचा प्रश्न संसदेने हाती घ्यावा, तो पालकत्वाच्या आणि ताब्याच्या दाव्यातून सोडवून स्वतंत्र करावा, त्याची भाषा मुलाच्या हक्काची असावी, वडिलांकडचे आणि आईकडचे आजी-आजोबा त्यात समान असावेत, आणि आईच्या सुयोग्य निर्णयाला त्यात वजन असावे, हे सर्व इष्टच आहे. असा कायदा होईपर्यंत आणि झाल्यावरही इंदूरच्या जोडप्यासारख्यांना एक काम उरते, आणि त्याला कोर्टाची मुद्रा लागत नाही. आडनावाच्या वादाबद्दल दोन ओळी, लग्नाला न आल्याबद्दल एक, नव्या जावयासारख्या त्या गृहस्थाची विचारपूस, आणि अर्धी राहिलेली गोष्ट पुढच्या रविवारी पूर्ण करू द्यावी, एवढी विनंती. पहिला कागद न्यायालयाला लिहावयाचा नसून सुनेला लिहावयाचा असतो. त्याला उत्तर आले नाही, तर न्यायालयाचे दार आहेच; पण त्या दारातही तोच कागद बरोबर न्यावा.